तिसऱ्या मजल्याची बचत

अठरा दिवसांत हिरवं व्हायचं असं विद्यापीठाने ठरवलं आणि दुसऱ्याच दिवशी मुख्य इमारतीसमोरचे सगळे दगडी बाक हिरव्या ऑइलपेंटने रंगवून काढले. ‘रंग ओला आहे’ अशी पाटी लावायचं काम दुसऱ्या विभागाकडे होतं, त्यामुळे ती पाटी चौथ्या दिवशी लागली. तोवर निम्मं विद्यापीठ पाठीमागून हिरवं झालं होतं.

या घाईचं कारण म्हणजे समिती. देशातल्या पर्यावरणस्नेही विद्यापीठांची क्रमवारी लावणारी कुठलीशी समिती भेट देणार होती. समिती येणार म्हटलं की या विद्यापीठाच्या अंगात येतं. एरवी जिन्यातला बल्ब बदलायला तीन सह्या लागतात आणि त्यातला एक सहीवाला कायम रजेवर असतो. पण समितीची तारीख लागली की कुलसचिवांपासून शिपायापर्यंत सगळे लगीनघाईत. ‘कागद वाचवा’ असं छापलेलं पत्रक प्रत्येकाच्या टेबलावर पोचलं आणि ते मिळाल्याची पोच दोन प्रतींत मागवण्यात आली. सौरदिव्याचं उद्घाटन भर दुपारी बारा वाजता झालं. दिवा लागला की नाही हे उन्हात कुणालाच कळेना, म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

या सगळ्याचे कर्तेकरविते म्हणजे हरित परिसर कक्षाचे संचालक. त्यांना सगळे हरितसाहेब म्हणत. गेल्या बारा वर्षांत हे गृहस्थ आधी मूल्यशिक्षण कक्षाचे संचालक होते, मग डिजिटल कक्षाचे, मग स्वच्छता कक्षाचे. वारा येईल तशी पाठ फिरवण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. दारावरची पाटी तेवढी बदलायची. आतली खुर्ची तीच, खुर्चीवरचा टॉवेलही तोच. माणूस वाईट होता असं म्हणवत नाही. वाईट असायला आधी समोर काय आहे ते दिसावं लागतं, आणि यांना अहवालात लिहिल्याशिवाय काही दिसतच नसे.

आणि ज्याला या कामात कुणी काही म्हणता काही विचारलं नव्हतं, असा एक माणूस पंपघरामागच्या पत्र्याच्या खोलीत बसत असे. तो विद्यापीठाचा प्लंबर. हातात सदा पाना, म्हणून त्याचं नाव पानेकाका पडलं होतं. सव्वीस वर्षं त्याने विद्यापीठाचं पाणी सांभाळलं होतं. कुठला पाइप कुठल्या भिंतीतून कुठे वळतो याचा नकाशा विद्यापीठाकडे नव्हता. होता तो याच्या डोक्यात, आणि ते डोकं कुणाला क्रमवारीत लावायचं सुचलं नव्हतं.

त्याच्याकडे तीन हात लांब लोखंडी सळई होती. तिचं एक टोक जमिनीवर रोवायचं, दुसरं कानामागच्या हाडाला टेकवायचं, डोळे मिटायचे आणि ऐकत राहायचं. पाणी सरळ वाहत असेल तर सळई गुणगुणते, गळत असेल तर फिसफिसते. नवे प्राध्यापक त्याला असा वाकून उभा बघून गालातल्या गालात हसत. पण सव्वीस वर्षांत त्याने सांगितलेल्या जागी खणलं आणि गळती सापडली नाही, असं एकदाही झालं नव्हतं.

तर या पानेकाकांच्या मागे चार महिने एक काळजी लागली होती. मुलींच्या वसतिगृहाच्या तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नव्हतं. खालच्या दोन मजल्यांना थेट लाइनमधून करंगळीएवढी धार यायची, त्यांचं कसंबसं भागे. तिसऱ्याला पाणी गच्चीवरच्या टाकीतून, आणि लाइनला जोरच नाही म्हटल्यावर टाकीत पोचायचं काय? मुली खाली नळावर रांग लावत, बादल्या घेऊन साठ पायऱ्या चढत. आणि त्याच मजल्यावर, कोपऱ्यातल्या खोलीत, पानेकाकांची स्वतःची मुलगी राहत होती. घर दोन बस बदलून लांब, प्रयोगशाळा संध्याकाळपर्यंत चाले, म्हणून शेवटच्या वर्षाला तिला वसतिगृहात ठेवलेली. रसायनशास्त्र शिकत होती. मुलींनी तिला मजल्याची प्रतिनिधी म्हणून निवडूनही दिलं होतं.

“बाबा, मैत्रिणी काय म्हणतात माहितीय?” एका दुपारी ती पत्र्याच्या खोलीत येऊन म्हणाली. तिच्या उजव्या तळहातावर बादलीच्या कडीचा लाल वळ होता. “म्हणतात, हिचे बाबा प्लंबर, म्हणजे दिव्याखाली अंधार.”

“मग तू काय म्हणालीस?”

“काय म्हणणार? हसले. पण वरती गेल्यावर नाही हसले.”

पानेकाकांना ते झोंबलं. बाहेरच्या माणसाने हजार बोललेलं चालतं. पोरीने खाली मान घालून सांगितलेलं एक वाक्य चालत नाही. ते सळई घेऊन निघाले. पंपघरापासून वसतिगृहापर्यंत पावलापावलावर थांबून त्यांनी जमीन ऐकली. आणि मुख्य इमारतीसमोर, जिथे महिन्याभरापूर्वी मोठी हिरवळ अंथरली होती, तिच्या बरोबर मध्यावर सळई अशी फिसफिसायला लागली की त्यांनी कान बाजूला घेतला.

माळीबुवा शेजारीच गवत कापत होता. पानेकाकांच्याच वयाचा, त्यांचा जुना दोस्त.

“इथंच ना?” माळीबुवा म्हणाला. “मला वाटलंच होतं. या पट्ट्याला मी महिनाभर थेंब घातलेला नाही. बाकीचं गवत बघ कसं माना टाकतंय, आणि हा पट्टा बघ, जावयासारखा माजलाय.”

“मग बोलला का नाहीस?”

“कुणाला बोलू? हरितसाहेब पाहुणे आणतात आणि याच पट्ट्यासमोर उभे राहून फोटो काढतात. म्हणतात, ही आमची कमी पाण्यातली हिरवळ. मी म्हटलं, आपण बरं की आपलं गवत बरं.”

आता तीन हात लांब, दोन हात रुंद खड्डा घ्यायचा, जोड दुरुस्त करायचा, माती लोटायची, वरून गवताचा थर पुन्हा अंथरायचा. एका दिवसाचं काम. पानेकाका परवानगी मागायला बांधकाम अभियंत्याकडे गेले. अभियंता म्हणाला, “लॉन माझ्याकडे नाही. पाइप माझ्याकडे आहे.”

“पाइप लॉनखालीच आहे, साहेब.”

“तेच तर म्हणतोय. खालचं माझं, वरचं हरित कक्षाचं. वरून परवानगी आणा, खालून मी ‘नाही’ म्हणणार नाही.”

पानेकाका वर गेले. हरितसाहेबांच्या खोलीत एसी असा चालू होता की खोलीतून बाहेर पडणाऱ्याच्या चष्म्यावर वाफ धरावी. भिंतीवर पृथ्वीचा गोल दोन तळहातांवर तोलून धरल्याचं चित्र होतं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि त्यांचा चेहरा असा झाला, जणू कुणी त्यांच्या पोटावर खड्डा घ्यायची परवानगी मागितली होती.

“खड्डा? समिती तोंडावर आलीय आणि खड्डा?”

“एका दिवसाचं काम आहे साहेब. संध्याकाळी कळणारसुद्धा नाही. पोरींना चार महिने पाणी नाही.”

“अहो पानेकाका, पाण्याचा अपव्यय ही तर आजची सगळ्यात मोठी समस्या आहे.”

“तेच सांगतोय ना साहेब. लॉनखाली सगळं पाणी वाया जातंय.”

“वाया?” हरितसाहेब खिडकीपाशी गेले आणि त्यांनी खाली बोट दाखवलं. “वाया कसं म्हणता? लॉन बघा किती हिरवी आहे!”

पालथ्या घड्यावर किती ओतणार? पानेकाका परत आले. त्यांना राग आला नव्हता. त्याच्या पुढचं काहीतरी आलं होतं. माणूस चुकला तर दुरुस्त करता येतो, मूर्खाला कुठून खोलायचं हे त्यांच्या सव्वीस वर्षांच्या अनुभवात बसत नव्हतं.

आठवड्याभरात हरित कक्षाने नवीन टूम काढली. प्रत्येक वसतिगृहाच्या प्रत्येक मजल्याला पाण्याचा स्वतंत्र मीटर बसवायचा, आठ दिवसांचा वापर मोजायचा आणि सगळ्यात कमी पाणी वापरणाऱ्या मजल्याला ‘जलरक्षक’ म्हणून गौरवायचं. मीटर पानेकाकांनीच बसवले. तिसऱ्या मजल्याचा बसवताना ते कक्षातल्या लेखनिकाला म्हणाले, “इथं पाणीच येत नाही हो, मोजणार काय?” लेखनिक म्हणाला, “मला आकडा टिपायला सांगितलंय, पाणी बघायला नाही.” ते खरंच होतं. त्याला पाणी बघायला कुणीच सांगितलं नव्हतं.

आठ दिवसांनी आकडे आले. लेखनिकाने ते चढत्या क्रमाने लावले. पहिल्या ओळीत, इतरांच्या कित्येक कोस पुढे, होता मुलींच्या वसतिगृहाचा तिसरा मजला: शून्य लिटर.

इथे एखाद्या शाळकरी पोरालाही शंका आली असती. पण विद्यापीठात शंका फक्त पीएचडीच्या तोंडी परीक्षेत विचारतात. हरितसाहेबांनी तो आकडा बघितला आणि त्यांना गहिवरून आलं. ताबडतोब प्रमाणपत्र तयार झालं. जाड चकचकीत कागद, त्यावर प्लॅस्टिकचं आवरण, सोनेरी चौकट. मजल्याच्या प्रतिनिधीला बोलावून ते हातात देण्यात आलं आणि समितीसमोर ‘आम्ही पाणी कसं वाचवलं’ यावर पाच मिनिटं बोलायचं फर्मानही सोबत मिळालं.

मुलगी ती चौकट घेऊन पत्र्याच्या खोलीत आली आणि तिने ती पाइपांच्या तुकड्यांवर आपटली.

“बाबा, बक्षीस मिळालं. पाणी न मिळाल्याबद्दल.”

पानेकाकांनी वाचलं. ‘अनुकरणीय संयम’ असे शब्द होते.

“तू सांगितलं नाहीस त्यांना?”

“सांगितलं. म्हटलं, सर, आमच्याकडे नळाला पाणीच नाही. तर म्हणाले, हीच ती विनम्रता! भाषणात हे नको बोलूस, लोकांना प्रेरणा मिळाली पाहिजे. भाषणही लिहून दिलंय. दात घासताना आम्ही नळ बंद ठेवतो म्हणे.” तिचा आवाज चिरकला. “आम्ही दात खालच्या मजल्यावर घासतो बाबा! रांगेत उभ्या राहून! आणि मुली काय म्हणाल्या माहितीय? म्हणाल्या, बरोबरच आहे, हिच्या बाबांमुळेच तर मिळालं बक्षीस.”

ती रडली नाही. रडली असती तर पानेकाकांना सोपं गेलं असतं. तिने चौकट उचलली, कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि प्रयोगशाळेत निघून गेली.

त्या रविवारी विद्यापीठ बंद होतं. सकाळी सातला पानेकाका आणि माळीबुवा हिरवळीवर उभे राहिले. माळीबुवाने गवताचा थर चटईसारखा गुंडाळून बाजूला ठेवला.

“परवानगी?” त्याने विचारलं.

“नाही.”

“मग बरं आहे. परवानगी असती तर आणखी दहा माणसं बघायला आली असती.”

दोघांनी कुदळ चालवली. कमरेएवढं खाली गेल्यावर चिखल लागला आणि मग पाणीच लागलं. जुन्या बिडाच्या पाइपाच्या जोडावर बोटभर रुंद चीर पडली होती आणि तिच्यातून पाणी असं उसळत होतं की पाणी मारून मारून शेजारची माती गुहेसारखी पोखरली होती. चार महिन्यांचं पाणी. पोरींचे चार महिने. पानेकाकांनी त्या पाण्याला अशी एक सणसणीत शिवी हासडली की माळीबुवाही बघत राहिला. मग त्यांनी मागची लाइन बंद केली, जोड घासून स्वच्छ केला, नवं रबर घातलं, वरून लोखंडी पट्टा आवळला. चार बोल्ट, एकेक करून, समोरासमोरचे, सारख्या ताणाने. हे काम त्यांनी घाईत केलं नाही. दुपारी दोनला लाइन सोडली. पट्ट्याला घाम फुटला नाही. सळई लावून ऐकलं, तर कितीतरी दिवसांनी ती नुसती गुणगुणत होती.

साडेतीनला वसतिगृहाच्या गच्चीवरची टाकी भरायला लागली. चारला तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी किंचाळलं. मग दुसरीकडून, मग तिसरीकडून. पानेकाका खाली मागच्या भिंतीपाशी उभे होते, जिथून टाकीकडे जाणारा पाइप वर चढतो. वरती नळ धोधो वाहत होते, बादल्या खणखणत होत्या, कोणी गात होतं आणि बेसूर गात होतं. तासाभरात तिसऱ्या मजल्याचा अख्खा कठडा धुतलेल्या कपड्यांनी भरून गेला. त्याच कपड्यांमधून त्यांची मुलगी डोकावली. केस ओले, गालाला साबण.

“बाबा!” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली. “आलं!”

“दिसतंय,” पानेकाका म्हणाले. आवाज वरपर्यंत गेला नसेल, पण त्यांना त्याहून मोठ्याने बोलता येईना.

सुख किती दिवस टिकावं? दीड. मंगळवारी सकाळी पानेकाकांना वर बोलावणं आलं. हरितसाहेबांच्या टेबलावर मीटरचा ताजा आकडा होता आणि साहेबांचा चेहरा घरात चोरी झाल्यासारखा होता.

“काल एका दिवसात तिसऱ्या मजल्याने किती पाणी वापरलं, तुम्हाला कल्पना आहे? शून्यावरून थेट पहिल्या क्रमांकावर! वापराच्या! परवा समिती येतेय. जलरक्षक मजला म्हणून अहवालात दोन पानं आहेत. फोटोसकट!”

“साहेब, चार महिन्यांचे कपडे होते. दोन दिवसांनी कमी होईल.”

“झालं काय नेमकं?”

“गळती काढली.”

“कुणाच्या परवानगीने?”

हरितसाहेब खिडकीपाशी गेले, हिरवळ जागेवर आहे ना ते बघितलं आणि मऊ आवाजात बोलायला लागले. त्यांचा मऊ आवाज त्यांच्या ओरडण्यापेक्षा वाईट होता.

“हे बघा काका. मी काही म्हणत नाही. टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा. समिती जाईपर्यंत. टाकीत आहे तेवढं आज संपेल, मग आकडा पुन्हा सरळ होईल.”

“साहेब, नळाला पाणी आहे आणि ते बंद करू?”

“तात्पुरतं हो. तुमची मुलगी शेवटच्या वर्षाला आहे ना? प्रतिनिधी म्हणून तिचं नाव अहवालात आहे. तिचंच नाव खराब होईल. आणि प्रात्यक्षिकाचे गुण वगैरे अजून व्हायचेत, नाही का?”

हे ‘वगैरे’ पानेकाकांना बरोबर कळलं. गळती ओळखणाऱ्या माणसाला असं फिसफिसणं लगेच ऐकू येतं. त्यांना वाटलं, निदान लिहून मागू. लिहायला सांगितलं की शरमेने तरी थांबेल.

“लेखी द्या, साहेब.”

आणि हरितसाहेबांनी दिलं! क्षणभरही न अडखळता, शिक्क्यासकट, जावक क्रमांक घालून. ‘जलसंवर्धनाच्या व्यापक हेतूने मुलींच्या वसतिगृहाच्या तिसऱ्या मजल्याचा पाणीपुरवठा पुढील आदेशापर्यंत पूर्ववत बंद ठेवण्यात यावा.’ शरम ही वस्तू त्या टेबलावर कधी आलीच नव्हती, तर साहेब तिच्यामुळे थांबणार कशाला?

पानेकाकांनी व्हॉल्व्ह बंद केला. हे लपवून उपयोग नाही. दीड वर्षावर निवृत्ती आली होती आणि पोरीचं वर्ष डोळ्यांसमोर होतं. त्यांनी चाक आठ वेळा फिरवलं आणि बंद केला. संध्याकाळी नळ थुंकायला लागले, मग कोरडे पडले. मुलगी खाली आली तेव्हा ते मागच्या भिंतीपाशीच बसलेले होते.

“पुन्हा गळती?”

त्यांनी तिच्या हातात कागद दिला. पोरीच्या डोळ्याला डोळा देता येईना म्हणून ते पाइपाकडे बघत राहिले. तिने कागद दोनदा वाचला.

“तुम्हीच बंद केलंत?”

“हो.”

तिने कागदाची घडी घातली. “हा माझ्याकडे राहू दे. परवा भाषण करायचंय ना, मुद्दे लागतील.” आणि बादली उचलून ती खालच्या नळाच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

गुरुवारी सभागृह भरलं. म्हणजे भरवलं. परीक्षा जवळ आल्याने बरेचसे विद्यार्थी आलेच नव्हते, तेव्हा माळी, शिपाई, सफाईवाले सगळ्यांना हिरव्या टोप्या घालून बसवण्यात आलं. मागच्या दाराजवळ पानेकाका उभे होते. टोपी त्यांना लहान होत होती. व्यासपीठावर समितीचे पाच जण, मध्ये अध्यक्ष. अध्यक्ष वयस्कर, भारदस्त, प्रत्येक वाक्याला मान डोलावणारे. प्रत्येकासमोर पाण्याची छोटी प्लॅस्टिकची बाटली होती.

“आता आपली जलरक्षक आपल्याशी बोलेल,” हरितसाहेब म्हणाले.

मुलगी उभी राहिली. लिहून दिलेलं भाषण तिने टेबलावर ठेवलं आणि खिशातून घडी केलेला कागद काढला.

“आम्ही पाणी कसं वाचवलं,” ती म्हणाली, “ते या आदेशात नीट लिहिलंय. तोच वाचते.”

तिने वाचला. जावक क्रमांकापासून सहीपर्यंत, एकही शब्द न गाळता. मग मान वर करून म्हणाली, “याआधीचे चार महिने पाइप फुटलेला होता. तो दुरुस्त झाला, दोन दिवस पाणी आलं, आणि तुम्ही येणार म्हणून ते बंद केलं. आमच्या मजल्यावर थेंबही नाही. आम्ही काहीच वाचवलेलं नाही.”

हरितसाहेब पांढरेफटक. माळीबुवाने टोपी काढून मांडीवर ठेवली. पानेकाकांना वाटलं, झालं. आता जे व्हायचं ते होवो, पण पोरगी बोलली! त्यांनी दाराची चौकट धरली.

आणि अध्यक्षांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

“धाडसी!” ते म्हणाले. “फार धाडसी निर्णय! आजवर मी पन्नास विद्यापीठं पाहिली. सगळीकडे नुसती आवाहनं, पोस्टरं. प्रत्यक्ष पुरवठा बंद करण्याचं धैर्य कुठल्याच प्रशासनाने दाखवलं नाही. आणि मुलींनी ते स्वीकारलं!”

“सर, आम्ही स्वीकारलेलं नाही,” मुलगी म्हणाली. “आम्हाला अंघोळीला पाणी नाही.”

“शून्य वापर!” अध्यक्ष बाकीच्या चौघांकडे वळून म्हणाले. “आपण कागदावर जे ध्येय लिहितो, ते इथं साध्य झालंय.” चौघांनी लिहून घेतलं. मग चौघांनी टाळ्या वाजवल्या, मग पहिल्या रांगेने, मग ज्यांनी काहीच ऐकलं नव्हतं त्यांनी. हरितसाहेबांच्या गालांवर रंग परत आला. ते उठले, माइक ओढून घेतला आणि जाहीर केलं की या प्रतिसादाने प्रोत्साहित होऊन पुढच्या महिन्यापासून हा प्रयोग दुसऱ्या मजल्यावरही राबवण्यात येईल.

मुलगी टाळ्यांच्या मध्ये उभी होती. खरं बोलून झालं होतं आणि त्याचं बक्षीस झालं होतं. तिने पहिल्यांदाच सभागृहाभर नजर फिरवून बापाला शोधलं.

पानेकाका तिथे नव्हते.

ते वसतिगृहाच्या मागच्या भिंतीपाशी होते. त्यांनी चाक उलटं फिरवलं, आठ वेळा, शेवटपर्यंत. पाइप थरथरला, पाणी वर चढू लागलं. मग त्यांनी चाकाचा बोल्ट काढला, चाक बाजूला ठेवलं, उघड्या दांड्यावर मोठा पाना चढवला आणि अंगातलं सगळं वजन टाकून आडवा दाबला. पितळी दांडा वाकला, कुरकुरला आणि मुळापासून तुटला. सव्वीस वर्षांत त्यांनी विद्यापीठाची एकही वस्तू मोडली नव्हती. आज मोडली ती पक्की मोडली.

वरच्या नळांचा आवाज सुरू झाल्यावर दहाएक मिनिटांत हरितसाहेब धापा टाकत आले. मागून समिती मजला बघायला येत होती.

“बंद करा!” ते दबक्या आवाजात किंचाळले. “आधी ते बंद करा!”

“होणार नाही, साहेब. दांडा मोडलाय.”

“कुणी मोडला?”

“मी.”

हरितसाहेबांनी बाजूला पडलेलं चाक उचलून बघितलं. “मुद्दाम?”

“मुद्दाम,” पानेकाका म्हणाले. त्यांनी डोक्यावरची हिरवी टोपी काढली आणि त्या टोपीने पान्याचं तेल पुसलं. “लेखी देऊ?”